लघुग्रह वळवायचा तर किती, कशानं आणि किती वर्षं आधी?

नाशिकच्या एका अभियांत्रिकी विद्यार्थ्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पेठ-सुरगाण्यात उन्हाळ्यात टँकर लागतात, अशा वेळी लघुग्रह पकडायला आणि वळवायला शिकण्यावर कुणी पैसा का घालावा? आलाच एखादा अंगावर, तर तेव्हा बॉम्ब टाकून फोडता येईल की.

आधी बॉम्बचं बघू, कारण पैशाचं उत्तरही त्यातूनच निघतं.

पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किमी वेगानं पळते आणि तिचा व्यास १२,७५६ किमी आहे. म्हणजे स्वतःच्या व्यासाइतकं अंतर ती सातेक मिनिटांत काटते. टक्कर व्हायची तर लघुग्रहानं दोन कक्षा जिथे छेदतात तिथे नेमक्या त्या सात मिनिटांत हजर असावं लागतं. त्याला फोडायची गरजच नाही, त्याची वेळ चुकवली की झालं.

वेळ चुकवण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे तो ज्या दिशेनं धावतोय त्याच रेषेत त्याचा वेग किंचित बदलणं. वेग बदलला की फेरीचा काळ बदलतो आणि दर फेरीला फरक साठत जातो. (पुढे ढकललेला लघुग्रह उशिरा पोहोचतो. कक्षा मोठी होते, म्हणून. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे उलटं वाटतं.) ढोबळ सूत्र असं: साठलेलं अंतर = ३ × वेगबदल × उरलेला काळ. पृथ्वी चुकवायला निदान तिच्या त्रिज्येएवढं, म्हणजे ६,३७८ किमी अंतर साठायला हवं, आणि दहा वर्षं म्हणजे साधारण ३१.५ कोटी सेकंद. आकडे घातले तर वेगबदल येतो सेकंदाला सुमारे ७ मिलिमीटर. मुंगीही याहून जोरात चालते. हाती एकच वर्ष असेल तर हाच आकडा ७ सेंटिमीटर होतो. महिनाच उरला असेल तर साठायला फेऱ्याच मिळत नाहीत, सूत्र लागू पडत नाही आणि सेकंदाला अडीच मीटरच्या आसपास धक्का द्यावा लागतो. शिवाय पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण जवळून जाणाऱ्याला आत ओढतं, म्हणून प्रत्यक्ष आराखड्यात एका त्रिज्येवर न थांबता दोन-तीन त्रिज्यांची सोय ठेवतात.

दहा वर्षं आणि एक महिना यांच्यात साडेतीनशे पटींचा फरक पडतो. आयत्या वेळच्या बॉम्बचा भरवसा का धरता येत नाही, ते या आकड्यावरून कळावं.

आता ७ मिलिमीटर द्यायचे कसे? याची एक खरी चाचणी झाली आहे. नासाचं डार्ट यान २६ सप्टेंबर २०२२ रोजी डिमॉर्फोसवर आदळलं. हा सुमारे १५० मीटरचा दगड डिडिमॉस या मोठ्या लघुग्रहाभोवती फिरतो. यानाचं वजन त्या वेळी साधारण ५८० किलो होतं आणि वेग सेकंदाला ६.१ किमी. डिमॉर्फोसची फेरी ११ तास ५५ मिनिटांची होती, ती ३३ मिनिटांनी घटली. उत्तीर्ण व्हायला ७३ सेकंदांचा फरक पुरे, असं आधीच ठरलेलं होतं. जोडीतला दगड निवडण्यात खरी हुशारी होती. सूर्याभोवतीच्या कक्षेतला एवढा बारीक बदल मोजायला वर्षं गेली असती. जोडीची फेरी पृथ्वीवरच्या दुर्बिणींनी प्रकाशाच्या चढउतारावरून मोजता आली, आणि पृथ्वीला धोकाही नव्हता.

या चाचणीतला सगळ्यात कामाचा आकडा वेगळाच आहे. यानाचा संवेग (वस्तुमान गुणिले वेग) दगडात नुसता मिसळला असता तर वेग सेकंदाला पाऊण मिलिमीटरच्या आसपास बदलला असता. प्रत्यक्षात तो २.७ मिलिमीटर बदलला. आदळल्यावर जो राडारोडा उलट दिशेनं उडाला, त्यानं दगडाला रॉकेटसारखा जास्तीचा रेटा दिला. या गुणकाला बीटा म्हणतात आणि डिमॉर्फोससाठी तो साधारण ३.६ निघाला. पण हाच आकडा पुढच्या लघुग्रहाला लावायला गेलात तर फसाल. बीटा पृष्ठभाग किती भुसभुशीत आहे, मोठा धोंडा नेमका वाटेत येतो का, पोकळी किती, यावर अवलंबून असतो. एकसंध आणि फारसा न उडणारा माल असेल तर तो १ च्या जवळ राहतो. संरक्षणाची आखणी करताना बीटा १ च धरावा आणि वरचं मिळालं तर नफा समजावं.

एक उदाहरण सोडवू. १४० मीटर व्यासाचा, घनमीटरला २ टन घनतेचा लघुग्रह म्हणजे जवळपास २९ लाख टन. त्याला ७ मिलिमीटर द्यायला सेकंदाला ६ किमी वेगाचं सुमारे ३.४ टनांचं यान लागेल, बीटा १ धरून. बीटा २ निघाला तर १.७ टन पुरेल. हे आजच्या रॉकेटांच्या आवाक्यात आहे. पण व्यास दुप्पट झाला की वस्तुमान आठपट होतं. ३०० मीटरच्या दगडाला अशी दहाएक यानं लागतील, किंवा मग हाती बरीच जास्त वर्षं असावी लागतील.

आणि इथेच पहिली मोठी गोची आहे. लघुग्रह सापडतो तेव्हा दुर्बिणीत फक्त त्याची तेजस्विता दिसते, आकार दिसत नाही. कोळशासारखा काळा दगड ५ टक्के प्रकाश परावर्तित करतो, उजळ दगड २५ टक्के. तेजस्विता तीच असेल तर व्यासात सव्वादोन पटींचा आणि वस्तुमानात अकरा पटींचा फरक पडू शकतो. एक यान लागेल की अकरा, हे माहीत नसताना रॉकेट बांधायला घ्यायचं कसं? म्हणून अवरक्त दुर्बीण लागते. ती दगडाची उष्णता मोजते, आणि त्यावरून आकार बराच नेमका कळतो. वस्तुमान मात्र जवळ गेल्याशिवाय खात्रीनं कळत नाही. वेळ असेल तर आधी एक पाहणीयान आणि मग धडकयान, हाच शहाणपणाचा क्रम.

दुसरी गोची पृष्ठभागाची. मध्यम आकाराचे बरेच लघुग्रह एकसंध खडक नसतात. तुटक्या दगडांचा ढीग नुसत्या क्षीण गुरुत्वाकर्षणानं एकत्र राहिलेला असतो. लासलगावच्या बाजारात ट्रॉलीत भरलेल्या कांद्यांसारखं समजा: बाहेरून आकार भक्कम दिसतो, हात घातला की आत जातो. २०२० मध्ये नासाच्या ओसायरिस-रेक्स यानानं बेन्नू या लघुग्रहावर नमुना घ्यायला भुजा टेकवली, ती सुमारे अर्धा मीटर आत गेली. लगेच थ्रस्टर (छोटी रॉकेट इंजिनं) पेटवून यान मागे घेतलं नसतं तर ते बुडालं असतं, असं नंतर मोजणीतून दिसलं. जपानच्या हायाबुसा-२ यानानं २०१९ मध्ये र्युगू या लघुग्रहावर २ किलोचा तांब्याचा गोळा सेकंदाला २ किमी वेगानं मारला, तर दहा मीटरहून मोठा खड्डा पडला. उलट बाजूचा अनुभव युरोपच्या फिले या लँडरचा. २०१४ मध्ये ते धूमकेतूवर उतरलं, पण अडकवायचे भाले सुटलेच नाहीत आणि ते उसळून दूरच्या कड्याच्या सावलीत जाऊन पडलं. एक रुततो, एक उसळतो, आणि कोणता काय करेल हे लांबून सांगता येत नाही.

जोर जास्त झाला तर तिसरी अडचण येते. धडकेची ऊर्जा लघुग्रहाच्या दर किलोमागे शंभर ज्यूलच्या आसपास गेली की तो फुटण्याची शक्यता धरावी लागते. वरच्या १४० मीटरवाल्याला ३.४ टनांचं यान दर किलोला साधारण २१ ज्यूल देतं, म्हणजे तिथे ठीक आहे. तेच यान ५० मीटरच्या दगडावर मारलं तर आकडा साडेचारशेच्या वर जातो आणि तो फुटतो. आधी कित्येक वर्षं फुटला तर तुकडे पांगतात, बहुतेक पृथ्वीला चुकतात. आठवडाभर आधी फुटला तर एका गोळीऐवजी छर्रे येतात.

हळू उपायही आहे. एडवर्ड लू आणि स्टॅनली लव्ह यांनी २००५ मध्ये मांडलेला ‘गुरुत्वाकर्षण ट्रॅक्टर’: यान लघुग्रहाला न शिवता शेजारी तरंगत ठेवायचं आणि त्याच्या वस्तुमानाच्या ओढीनं लघुग्रह सरकवायचा. २ टनांचं यान १४० मीटरवाल्याच्या केंद्रापासून १४० मीटरवर ठेवलं तर वर्षाला ०.२ मिलिमीटर प्रतिसेकंद एवढाच बदल मिळतो. इंजिनं तिरकी लावावी लागतात, नाहीतर झोत लघुग्रहावरच आदळून ओढ रद्द होते. एकटा हा उपाय मोठ्या दगडाला पुरा पडणार नाही, पण धडकेनंतर बारीक दुरुस्ती करायला त्याच्यासारखं साधन नाही. पृष्ठभाग कसाही असो, यानाला फरक पडत नाही.

अणुस्फोटाबद्दल थोडक्यात. तो दगडात घुसवायचा नसतो, काही अंतरावर करायचा असतो, म्हणजे किरणांनी वरचा थर वाफ होऊन उडतो आणि रेटा मिळतो. मोठ्या आकाराला किंवा कमी वेळात तोच एक मार्ग उरू शकतो, हे मान्य. पण १९६३ चा करार अवकाशात अणुस्फोट करायला आणि १९६७ चा करार अण्वस्त्रं कक्षेत ठेवायला बंदी घालतो, आणि चाचणी न झालेलं साधन पहिल्याच खऱ्या वेळी वापरायचं हा वाईट जुगार आहे.

आता पकडण्याकडे. कॅलटेकच्या केक इन्स्टिट्यूटनं २०१२ मध्ये एक अभ्यास केला होता: ७ मीटरचा, सुमारे ५०० टनांचा दगड पिशवीत बंद करून चंद्राजवळ आणायचा, खर्च अंदाजे २.६ अब्ज डॉलर. त्यावरून नासानं २०१३ मध्ये मोहीम मांडली, नंतर ती मोठ्या लघुग्रहावरून एखादा धोंडा उचलून आणण्यापुरती बदलली आणि २०१७ मध्ये बंद झाली. माझ्या मते ती बंद व्हायला नको होती. निदान धोंडा उचलायचा भाग तरी ठेवायला हवा होता.

गणित बघा. ५०० टनांचा वेग सेकंदाला १५० मीटरनं बदलायचा आणि विजेवर चालणाऱ्या आयन इंजिनातून झेनॉन वायू सेकंदाला ३० किमी वेगानं बाहेर पडतो, तर झेनॉन लागतो अडीच टन. सौरपट्ट्यांची वीज ४० किलोवॅट आणि तिचा ६० टक्के उपयोग धरला तर रेटा येतो १.६ न्यूटन, म्हणजे पृथ्वीवर दीडशे-एकशेसाठ ग्रॅमच्या वजनाएवढा. तो दीड वर्ष अखंड चालू ठेवावा लागतो. इंधनात अडत नाही. अडतं गिरकीत. छोटे दगड काही मिनिटांत एक फेरी घेतील इतके जोरात फिरतात, आणि बरेचदा एकाच अक्षाभोवती न फिरता कोलांट्या खात असतात. मिनिटाला एक फेरी घेणाऱ्या ५०० टनांच्या गोळ्याची गिरकी थांबवायला चार मीटरच्या भुजेवर बसवलेल्या हायड्राझिन या रासायनिक इंधनाच्या थ्रस्टरला तीसेक किलो इंधन पुरतं. पण त्याआधी पिशवीचं तोंड, सौरपट्टे आणि यान त्या कोलांटीशी जुळवून घ्यावं लागतं. झटका बसला तर पट्टे तुटतात, धूळ सांध्यांत शिरते, आणि दगड पिशवीत सरकला की एकूण वस्तुमानाचं केंद्र हलून रेटा तिरका बसू लागतो.

आणलेला दगड चंद्राभोवतीच्या दूरच्या, उलट दिशेनं फिरणाऱ्या कक्षेत ठेवायचा. ती कक्षा दीर्घकाळ टिकते. समजा सुटून आलाच, तरी ७ मीटरचा कमकुवत दगड वातावरणात वरच्या वर फुटतो. शिकायला छोटा आकार घ्यायचा तो याचसाठी. आणि या यादीतली प्रत्येक गोष्ट वळवण्यालाही लागते: जवळ जाऊन वस्तुमान मोजणं, गिरकी ओळखणं, रुतणाऱ्या पृष्ठभागावर पकड घेणं, वर्षभर बारीक रेटा देत राहणं. पकडणं ही वळवण्याची तालीम आहे.

प्लॅटिनमच्या खाणींची स्वप्नं मात्र बाजूला ठेवा. त्या नावानं निघालेल्या दोन अमेरिकी कंपन्या, प्लॅनेटरी रिसोर्सेस आणि डीप स्पेस इंडस्ट्रीज, २०१९ पर्यंत दुसऱ्यांच्या हाती गेल्या. बेन्नूचा आलेला सगळा नमुना १२१.६ ग्रॅम, र्युगूचा ५.४ ग्रॅम. यापुढे पैसा देईल असं वाटतं ते पाणी. या दोन्ही दगडांत पाणी धरलेली माती सापडली, आणि अवकाशात पाणी म्हणजे इंधन. पण त्याला वेळ आहे.

आता आपल्या अंगणात. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातल्या चेल्याबिन्स्कवर २० मीटरच्या आसपासचा दगड सुमारे ३० किमी उंचीवर फुटला. दीडेक हजार माणसं जखमी झाली, बहुतेक काचांनी. लख्ख उजेड पाहून लोक खिडकीशी गेले आणि धक्कालहर दोन-अडीच मिनिटांनी आली. गंगापूर रोडवरच्या काचेच्या दर्शनी भिंती डोळ्यापुढे आणा. आकाशात असा उजेड दिसला तर काचेपासून लांब, भिंतीआड, आणि पाच मिनिटं तिथेच बसायचं. हे एवढं शाळेत शिकवता येईल आणि त्याला पैसे लागत नाहीत. सायबेरियातल्या १९०८ च्या तुंगुस्का स्फोटात सुमारे २,१५० चौरस किमी जंगल आडवं झालं. तेवढं वर्तुळ पंचवटीभोवती काढलं तर त्रिज्या येते २६ किमी. ओझर त्यात येतं, दिंडोरी काठावर. आणि आपलं लोणार? ज्या काळ्या बेसाल्टवर ब्रह्मगिरी उभा आहे त्याच दख्खनी खडकात जवळपास १.८ किमी रुंदीचं ते विवर अशाच एका धडकेनं पडलं.

चेल्याबिन्स्कचा दगड सूर्याच्या दिशेनं आला, म्हणून कुणालाच आधी दिसला नाही. जमिनीवरच्या दुर्बिणी दिवसा आंधळ्या असतात. त्यावर उपाय म्हणून नासाची निओ सर्व्हेयर ही ५० सेंमीची अवरक्त दुर्बीण पृथ्वीच्या आतल्या बाजूला, सूर्य-पृथ्वी रेषेवरच्या पहिल्या लाग्रांज बिंदूपाशी (जिथे यान पृथ्वीसोबतच सूर्याभोवती फिरत राहू शकतं) ठेवायची आहे. १४० मीटरहून मोठे पृथ्वीजवळचे लघुग्रह अंदाजे २५,००० आहेत, आणि त्यातले निम्म्याहून कमी सापडलेत.

२०२४ वायआर४ चं उदाहरण विद्यार्थ्यांनी पाठ करावं असं आहे. सुमारे ६० मीटरचा हा दगड २५ डिसेंबर २०२४ ला पृथ्वीजवळून गेला आणि दोन दिवसांनी, २७ ला, सापडला. २२ डिसेंबर २०३२ ला धडकेची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये ३.१ टक्क्यांपर्यंत चढली आणि मग जवळपास शून्यावर आली. शक्यता आधी वाढून मग कोसळते यात कुणी काही लपवत नसतं. अनिश्चिततेचा पट्टा आखडत जातो आणि पृथ्वी त्यात असेपर्यंत तिचा वाटा मोठा दिसतो. पट्टा पृथ्वीवरून सरकला की संपलं. पण त्या धोक्याच्या पट्ट्यात दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक, आफ्रिका, अरबी समुद्र आणि दक्षिण आशिया होता. धडक नक्की ठरली असती आणि वळवण्याचा प्रयत्न अर्धवट झाला असता, तर आघाताची जागा याच पट्ट्यावरून सरकली असती. एका देशावरून दुसऱ्या देशावर. कार्ल सेगन आणि स्टीव्हन ऑस्ट्रो यांनी १९९४ मध्येच बजावलं होतं की दूर ढकलता येणारा जवळही आणू शकतो. शस्त्र म्हणून हे वापरणं मूर्खपणाचं आहे, कारण वर्षानुवर्षं सगळ्या जगाला दिसत राहील. पण कुठल्या दिशेनं ढकलायचं हे ठरताना ज्याच्याकडे स्वतःचं मोजमाप आणि स्वतःचं यान आहे त्याचंच ऐकलं जाईल. भारतानं शिकावं याचं माझ्या लेखी हे सगळ्यात व्यवहारी कारण आहे. डार्टचा एकूण खर्च ३२-३३ कोटी डॉलर होता. ही रक्कम अनेक वर्षांत आणि देशाच्या पातळीवर विभागली जाते, टँकरच्या तरतुदीतून ती काढावी लागत नाही.

१३ एप्रिल २०२९ ला (आपल्या घड्याळात १४ च्या पहाटे सव्वातीनच्या सुमारास) साडेतीनशे मीटरच्या आसपासचा अपोफिस हा लघुग्रह पृथ्वीपासून सुमारे ३२,००० किमीवरून जाईल, म्हणजे दूरसंचार उपग्रहांच्या कक्षेच्याही आतून. धोका नाही. पण एवढा मोठा दगड एवढा जवळ फुकटात येतोय, त्याच्याकडे यान धाडायची संधी कुणी सोडू नये.

नाशिकमध्ये बसून काय करता येईल? हवाईतल्या पॅन-स्टार्स दुर्बिणींच्या प्रतिमांमध्ये लघुग्रह शोधण्याचा विनामूल्य उपक्रम इंटरनॅशनल अॅस्ट्रॉनॉमिकल सर्च कोलॅबोरेशन चालवतं. संगणक आणि अॅस्ट्रोमेट्रिका हे सॉफ्टवेअर पुरतं. २०२० मध्ये आयआयटी मुंबईच्या दोन विद्यार्थ्यांनी पृथ्वीपासून २,९५० किमीवरून गेलेला लघुग्रह असाच दूरच्या दुर्बिणीच्या प्रतिमांतून हेरला होता. स्वतः मोजमाप करायचं असेल तर आठ ते अकरा इंची दुर्बीण, कृष्णधवल सीमॉस कॅमेरा आणि हरसूल किंवा पेठच्या बाजूचं अंधारं आकाश. जून ते सप्टेंबर आशा सोडा. डिसेंबर-जानेवारीत निफाडच्या बाजूला पारा उतरला की काचेवर दव धरतं, गरम पट्टी लागतेच.

मिनिटाला १० विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) सरकणारा लघुग्रह १८ सेकंदांत ३ विकला जातो, म्हणजे ताऱ्याच्या ठिपक्याएवढा. तेवढीच एका चित्राची मर्यादा, पुढची चित्रं लघुग्रहाच्या गतीनं सरकवून एकावर एक रचायची. सगळ्यात जास्त निरीक्षणं बाद होतात ती घड्याळामुळे. जवळून जाणारा दगड मिनिटाला १०० विकला सरकत असेल तर एका सेकंदाची चूक म्हणजे जागेत १.७ विकलांची चूक. लॅपटॉपच्या घड्याळावर विसंबू नका, जीपीएसचा सेकंद-ठोका जोडा, आणि सीमॉसमध्ये वरची ओळ आणि खालची ओळ एकाच क्षणी वाचली जात नाही हेही हिशेबात घ्या. जगभरची लघुग्रहांची निरीक्षणं गोळा करणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरकडून वेधशाळेचा क्रमांक मिळवायला आधी क्रमांकित, माहितीतल्या लघुग्रहांची एकाहून जास्त रात्रींची निरीक्षणं पाठवावी लागतात. ती एका विकलेच्या आत जुळली की मग नव्या, अजून खात्री न झालेल्या दगडांच्या यादीला हात घालायचा.